टेकडीवर अवकाळी

मी एसटीत एकतीस वर्षं काढली. शेवटची चौदा वर्षं डेपोत ड्युटीचा तक्ता लावायचं काम माझ्याकडे होतं. कोणता डायवर कोणती गाडी घेऊन किती वाजता निघेल, कुठं मुक्काम करेल अन् मधात किती झोपेल, हे मी ठरवायचो. लोक मले तोंडावर साहेब म्हणायचे अन् पाठीमागं काय म्हणायचे तेही मले माहीत होतं. तवा माझ्या बोलण्यात तिखट जास्त लागलं तं ते खात्याचं समजा. आता रिटायर होऊन चार वर्षं झाली, नागपूरच्या बाहेर बेसाले घर बांधलं, गुडघे गेले, पण बोलणं काही गेलं नाही.

सांगायचं आहे ते मार्तंडचं. मार्तंड दात बनवतो. डॉक्टर नाही तो. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून कवळी तयार करणारा माणूस. नागपूरच्या महाल वस्तीत त्याची एका खोलीची लॅब आहे अन् मागच्या दोन खोल्यांत तो अन् त्याची बायको कौशल्या राहतात. महालातले कितीतरी म्हातारे त्याच्या हातचे दात घेऊन लग्नाच्या पंगतीत जेवतात, अन् त्यातल्या एकालेही त्याचं नाव माहीत नाही. त्याले त्याचं काही वाटत नाही. मले वाटतं.

आमची सगळी फौज याच मार्तंडच्या हातची. दाताच्या प्लास्टरचा साचा अन् त्यात कवळीचा गुलाबी मसाला. अंगठ्याच्या पेराएवढा एक शिपाई. रंग लावायच्या आधी सगळी पलटण हिरडीच्या रंगाची दिसते, पाहून हसू येते. माझ्या मागच्या खोलीत असे आठशे चौऱ्याहत्तर शिपाई आहेत, वर नव्वद घोडे, बावीस तोफा अन् दोन हत्ती. मार्तंडची पोरगी मिनल सातवीत होती तवा अर्ध्या पगड्या तिनंच रंगवल्या होत्या. आता ती कामठीले सासरी आहे अन् तिचीच पोरगी शाळेत जाते.

आम्ही लढाया खेळतो. हसा. आमची बायको गोपिकाही हसते, म्हणते म्हातारे बाहुल्या मांडून बसतात. दोन जुने दरवाजे जोडून टेबल केलं आहे, त्यावर भुश्शाची जमीन, प्लास्टरच्या टेकड्या, काथ्याची झाडं. पानिपत खेळून झालं, खर्डा झालं, अन् सीताबर्डी तं एकोणीस वर्षांत सात वेळा झाली. नागपूरचे लोक आम्ही, आम्ही दुसरं काय खेळणार. अठराशे सतराचा नोव्हेंबर. वर दोन टेकड्यांवर कंपनी सरकारची पलटण, अन् खाली चहूकडून भोसल्यांची फौज. खऱ्या इतिहासात टेकडी कंपनीकडेच राहिली. आता अडचण अशी का नागपुरात कंपनी कोणालेच नको, सगळ्यालेच भोसले पाहिजे. म्हणून चिठ्ठ्या टाकतो. सहा वेळा चिठ्ठी निघाली अन् सहाही वेळा माझ्या नशिबी कंपनी आली. सहा वर्षं मी माझ्याच गावाच्या लोकांवर तोफा डागल्या.

आधी आम्ही पाच होतो. एक पोराकडे पुण्याले गेला, एक वर गेला. राहिलो मी, मार्तंड अन् मनोहरराव. मनोहरराव आमचे पंच. भूमापन खात्यात होते, सगळी हयात साखळी अन् फूटपट्टीत गेली. टेबलावर शिपाई किती सरकला हे ते पितळेच्या पट्टीनं मोजतात अन् अर्ध्या सुतासाठी भांडतात. घरीदारी सगळीकडे कागदी मराठी बोलतात. त्यांचा एक नियम आहे अन् तो एकोणीस वर्षांत मोडला नाही. डाव सुरू व्हायच्या आधी दोघांनी आपला हुकूम घरून लिहून आणायचा, पाकिटात बंद करून पंचाच्या हाती द्यायचा. पंच फोडून वाचतात. जे लिहिलं ते करायचं. नंतर तोंडानं एक अक्षर बदलता येत नाही.

दुसरा नियम पावसाचा. हर डावाआधी दोन फासे पडतात. दोन्हीवर सहा आले तं पाऊस, तोफेची दारू भिजली, कोणीच हलायचं नाही, डाव खाली गेला. नोव्हेंबरची लढाई, तवा मनोहरराव त्याले अवकाळी म्हणतात. एकोणीस वर्षांत एकदाच आला होता तो पाऊस, अन् फासा टेबलाच्या कडेले टेकून उभा होता का आडवा होता यावर आम्ही तीन आठवडे एकमेकाशी बोललो नाही.

तं यंदा दिवाळीनंतर चिठ्ठी टाकली अन् सातव्या वेळी भोसले मले आले. खोटं नाही सांगत, डोळ्यात पाणी आलं. बासष्टाव्या वर्षी, प्लास्टरच्या टेकडीसाठी. तीन रविवारात मी लहान टेकडी घेतली. मोठ्या टेकडीच्या पायथ्याशी भोसल्यांच्या चाकरीतल्या अरबांची तुकडी नेऊन उभी केली. एक हल्ला राहिला होता. दोनशे वर्षांनी सीताबर्डी भोसल्यांची होणार होती, अन् ते माझ्या हातून होणार होतं. रात्री पलंगावर पडल्या पडल्या मी तो हल्ला मनात चालवायचो.

फक्त मार्तंड नीट खेळत नव्हता. हे मले लय झोंबत होतं.

त्याच्या बायकोले दीड वर्षापूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तवापासून ती पलंगावर आहे. हे आम्हाले माहीत होतं. रात्रीसाठी एक बाई ठेवली आहे हेही त्यानंच सांगितलं होतं. रविवारी दुपारी मिनल कामठीहून यायची, एक ते पाच आईजवळ बसायची, अन् तो स्कूटर काढून बेसाले यायचा. तवा मले वाटायचं का चला, माणसाची सोय लागली आहे. मग खेळात लक्ष काहून नाही? एकदा तोफा टेकडीवर चढवायच्या सोडून उतारावर ठेवल्या. एकदा माझा घोडा स्वतःचा समजून हलवला. एकदा तं मी बोलून राहिलो अन् त्याचे डोळे उघडे, पण माणूस तिथं नव्हता.

तिसऱ्या रविवारी तो पाऊण तास उशिरा आला. कोपर सोललेलं, पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली.

"काय झालं बे?" मी विचारलं.

"काही नाही. मानेवाड्याच्या चौकात कुत्रं आडवं आलं."

"कुत्र्याले समजते तुझी टेकडी पडून राहिली म्हणून. तुले समजत नाही."

हे मी बोललो. बोललो अन् हसलो. तो खुर्चीत बसला अन् हळद लाव म्हणून गोपिकेनं दिलेली वाटी हातात धरून तशीच बसून राहिला. ते आठवलं का आता मले माझीच लाज वाटते.

मग तो रविवार आला. मी सकाळीच माझा हुकूम लिहिला. सगळ्या बाजूनं हल्ला, राखीव फौज सुद्धा, मागं काही ठेवायचं नाही. पाकीट चिकटवलं, वर नाव टाकलं. एक वाजता मनोहरराव आले, पट्टी अन् वही काढून बसले. मार्तंड दीडले आला. केस विंचरलेले नाही, शर्टाच्या गुंड्या एक घर वरखाली. खिशातून पाकीट काढलं अन् पंचाच्या हाती दिलं.

"आज संपते," तो म्हणाला.

"काय संपते?"

"मोहीम. पाकिटात आहे. वाचा तं."

मले वाटलं हा काही डावपेच आहे. गोरे लोक असेच करायचे. मनोहररावांनी चाकूनं पाकीट फोडलं, कागद उलगडला, चष्मा सरळ केला अन् त्यांच्या रीतीप्रमाणे मोठ्यानं वाचायले सुरुवात केली.

"सकाळी सहा. नळीने दूध, दीडशे मिली. कूस डावीकडे. सकाळी आठ. गोळ्या कुटून, तीन. कूस उजवीकडे. पाठीला पावडर." ते थांबले नाही. नियम आहे ना, पूर्ण वाचायचं. "दहा. पिशवी रिकामी करणे. कूस डावीकडे. बारा. पातळ पेज, गाळून."

मार्तंडनं मान वर केली. आधी त्याले समजलं नाही. मग त्यानं खिसा चाचपला, दुसरा चाचपला.

"तो नाही, तो नाही," तो म्हणाला. "अदलाबदल झाली गा. तो मिनलसाठी ठेवायचा होता."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मिनलच होती. त्यानं स्पीकर दाबला.

"बाबा, उशीखाली हा कागद ठेवला तुम्ही, यात तं तोफाबिफा लिहून आहे. आईचा तक्ता कुठं आहे? दोनची गोळी कोणती द्यायची, पांढरी का पिवळी?"

मार्तंडले ते तोंडपाठ असणार. पण त्या वेळेले पांढरी का पिवळी त्याले आठवेना. तो नुसता कपाळाले हात लावून उभा. मनोहररावांनीच फोन जवळ ओढला अन् सांगितलं, "दुपारी दोन. पिवळी अर्धी, कुटून, कोमट पाण्यातून. कूस डावीकडे. लिहून घे बेटा." पोरीनं लिहून घेतलं. पाचपर्यंतचं सगळं लिहून घेतलं.

मी तोवर टेबलावरून हात लांबवून तो कागद घेतला होता.

आता सांगतो. चौदा वर्षं मी ड्युटीचे तक्ते पाहिले आहेत. कोणत्या कंडक्टरनं कोणाच्या जागी सही ठोकली हे मी अक्षराचं वळण पाहून सांगायचो, चष्मा सुद्धा लागत नव्हता. हा तक्ता आठवड्याचा होता. आडवे सात वार, उभे तास. जे काम झालं त्यापुढं निळ्या पेनानं टिक मारलेली. सकाळी सहा, आठ, दहा. रात्री दहा, बारा, दोन, चार. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तं पाठीले जखमा होतात. अन् सगळ्या टिका एकाच हाताच्या. सोमवारपासून शनिवारपर्यंत, दिवसाच्या अन् रात्रीच्या, एकच पेन, एकच हात. आधीच्या रविवारी एक ते पाच तेवढा मिनलचा हात वेगळा, गोल गोल. पहाटे चारच्या टिका चौकटीत नव्हत्याच. गुरुवारची तं घसरत खालच्या ओळीपर्यंत गेली होती अन् तिथंच संपली होती.

असा तक्ता मी डेपोत लावला असता तं युनियनवाल्यानं मले टेबलासगट बाहेर काढलं असतं. अन् बरोबर केलं असतं.

"मार्तंड," मी म्हणालो, "बाई कधी सोडून गेली?"

फोन सुरूच होता. त्यानं हातानं मले थांब म्हटलं, पण मी थांबलो नाही. मले राग आला होता. त्याच्यावर, अन् त्याच्याहून जास्त स्वतःवर.

"मिनल, रात्रीची बाई तू पाहिली आहे काय वं?"

"नऊ वाजता येते ना ती. मी तं पाचले निघते, काका. काहून?"

विचारता विचारताच पोरीच्या लक्षात आलं. ती रडली नाही. "बाबा," एवढंच म्हणाली.

"जून महिन्यात गेली ती," मार्तंड शेवटी म्हणाला. "दुसरी पाहिली, आठ दिवसांत गेली. तिसरी मिळाली नाही. तुले कायले सांगू? तू आधीच सासूले पाहतेस, पोरीले पाहतेस. सांगितलं असतं तं तू धावत आली असती अन् तिकडे तुझं घर बसलं असतं."

"माझं मी पाहिलं असतं," मिनल म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "हा तुमचा कागद वाचू काय? तुमचा खेळ अडून राहिला असेल."

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाच म्हणालो. तिनं वाचलं. लहानपणी पगड्या रंगवलेली पोरगी, तिले ही भाषा माहीत होती.

"मोठी टेकडी सोडावी. तोफांना खिळे ठोकावेत. जखमींना गाड्यांत घालून कामठीच्या वाटेने माघार घ्यावी. या हुकुमानंतर मोहीम संपली असे समजावे."

फोन ठेवला. मार्तंड खुर्चीत बसला अन् दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले.

"घे बे लहानू," तो म्हणाला. "टेकडी तुझी. लय दिवसाची हौस होती तुझी. अन् मी मोकळा झालो. पुढच्या रविवारपासून मी घरीच राहीन. पोरीलेही दर रविवारी कामठीहून धावत यायचा ताप नाही."

"घरी काय करशील?"

"काय करीन? जे करतो तेच."

मनोहरराव म्हणाले, "मार्तंडराव, तुम्ही रविवारी इथे या आणि झोपा. खेळू नका. नुसते झोपा."

त्यावर तो चिडला. इतक्या वर्षांत मी त्याले चिडलेला पाहिला नव्हता. "बायकोले पलंगावर टाकून दहा किलोमीटर झोपायले येऊ? लोक काय म्हणतील ते सोडा, मलेच झोप लागणार नाही. लढाईचं वेगळं आहे. माझ्यापायी तुम्ही दोघं अडकून राहता, म्हणून निघतो मी घरून. कौशल्यालेही माहीत आहे. तिले बोलता येत नाही, पण रविवारी मी स्कूटरची चाबी घेतली का ती डाव्या हातानं जा म्हणते. लढाई आहे म्हणून म्हणते. झोपायले म्हणून ती कशी सोडेल अन् मी कसा निघू?"

मग तो थोडा थांबला अन् खालच्या आवाजात म्हणाला, "मागच्या वेळी कुत्रं नव्हतं गा. सिग्नलवर डोळा लागला होता माझा."

मी त्याले कुत्र्यावरून बोललो होतो.

आता गोष्ट सरळ होती. टेकडी पडली तं मोहीम संपली, अन् मोहीम संपली तं हा माणूस महालातल्या त्या दोन खोल्यांत चोवीस तास, आठवड्याचे सातही वार, जोवर पडत नाही तोवर. रविवारचे ते चार तास सुद्धा जाणार. अन् टेकडी त्यानं दिली होती. मी नुसता हात पुढं करायचा होता.

मनोहररावांनी घसा साफ केला. "हुकूम अवैध आहे," ते म्हणाले.

"काय?"

"नियम क्रमांक चार. हुकूम लिखित स्वरूपात, बंद पाकिटात, डावापूर्वी पंचाच्या हाती आला पाहिजे. आपला हुकूम महालात उशीखाली आहे. दूरध्वनीवरून वाचलेला हुकूम ग्राह्य धरता येणार नाही. अठराशे सतरा साली दूरध्वनी नव्हता." त्यांनी वहीत तसं लिहिलंही. "सबब कंपनीची फौज आहे त्या जागी उभी राहील."

मार्तंडनं हात झटकला. "तुम्ही म्हणाल तसं. माझी चाल नाही तं मी जरा टेकतो. याचं पाकीट वाचलं का हाक मारा." खोलीच्या कोपऱ्यात दिवाण आहे. तो त्यावर भिंतीले पाठ लावून बसला. "अरबाची तुकडी डावीकडून येईल याची, मले माहीत आहे, मी तिथं दोन तोफा..." एवढं बोलला अन् झोपला. आधी मान गेली, मग खांदा, मग माणूस उशीवर आडवा झाला. चपला पायातच होत्या. गोपिका चहा घेऊन आली होती. तिनं चहा परत नेला, चादर आणली, त्याच्या चपला काढल्या अन् दार लोटून घेतलं. बाहुल्याबिहुल्या काही बोलली नाही.

मनोहररावांनी माझं पाकीट फोडलं. या वेळी मोठ्यानं वाचलं नाही. वाचलं, माझ्याकडे पाहिलं, कागद टेबलावर ठेवला.

टेबलाचं गणित मले पाठ होतं. ज्या फौजेले हुकूम नाही, ती अर्ध्या जोरानं लढते. माझे साडेसहाशे, त्याचे दोनशे अन् तेही अर्धे. फासा कसाही पडला तरी टेकडी माझी होती. सहा वर्षं कंपनी खेळलो, सातव्या वर्षी भोसले मिळाले, अन् माझ्या अरबाच्या तुकडीचा झेंडेवाला टेकडीच्या माथ्यापासून चार बोटांवर उभा होता. त्याची पगडी लाल आहे. मिनलनं रंगवलेली, थोडी डोळ्यावर आलेली. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. लिहिलं ते करायचं, असा नियम. अन् नियम मोडणारा माणूस मनोहरराव नाही, ते मी एकोणीस वर्षांपासून पाहून राहिलो.

"मनोहरराव," मी म्हणालो, "पावसाचे फासे टाकायचे राहिले."

"नोव्हेंबर आहे लहानूजी."

"टाका तं खरं."

त्यांनी फासे हातात घेतले, हलवले अन् टेबलावर टाकले. हळूच टाकले, आवाज होऊ नये म्हणून. एक फासा लहान टेकडीच्या पायथ्याशी गेला, एक माझ्या हत्तीले टेकून थांबला. तीन अन् दोन.

"सहा-सहा," मी म्हणालो.

मनोहररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फाशाजवळ वाकले. अर्ध्या सुतासाठी भांडणारा माणूस. त्या दोन फाशांकडे ते बराच वेळ पाहत होते. मागं मार्तंड घोरायले लागला होता.

"सहा-सहा," ते म्हणाले. मग वही ओढली अन् त्यांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं: अवकाळी. दारू भिजली. डाव तहकूब. लिहून झालं तरी पेनाचं टोपण लावायले त्यांचा हात जरा वेळ तयार नव्हता.

त्याले आता अकरा रविवार झाले. मिनल गुरुवारीही यायले लागली आहे. मंगळवारी गोपिका दोन तास जाऊन बसते. रात्रीची बाई अजून मिळाली नाही, शोधून राहिलो. फार काही बदललं असं मी म्हणणार नाही. मार्तंडच्या डोळ्याखालचं काळं तसंच आहे, तक्त्यात पहाटे चारची टिक अजूनही घसरते. मी तो तक्ता दर रविवारी तपासतो, सवय आहे मले. स्कूटर आता त्याले चालवू देत नाही, मीच माझ्या गाडीवर त्याले महालातून आणतो अन् सोडतो, गुडघा कितीही बोंबलला तरी.

तो हुकूम दर वेळी बरोबर लिहून आणतो, पाकिटात, वर नाव टाकून. मनोहरराव पाकीट घेतात अन् म्हणतात, आधी फासे. मार्तंड दिवाणावर टेकतो. फासे पडतात. सहा-सहा. त्याची पाकिटं आम्ही फोडत नाही, अकराही वहीत तशीच ठेवली आहेत. आतमध्ये माघारच लिहून असेल, का त्यालेही समजलं असेल अन् कोरा कागद असेल, मी विचारलं नाही. एकदा उठताना तो म्हणाला होता, "यंदा लय पाऊस आहे गा सीताबर्डीले." मी म्हणालो, हो, आहे.

माझे अरब पायथ्याशी उभे आहेत. शनिवारी मी रंगाच्या ब्रशनं त्यांच्यावरची धूळ झाडतो. लाल पगडीवाला झेंडेवाला अजून माथ्यापासून चार बोटांवरच आहे. माझं वय आता बासष्ट संपत आलं. चिठ्ठीत भोसले परत मले कधी निघतील सांगता येत नाही. टेकडी मले पाहिजे होती, लय पाहिजे होती, हे मी लपवत नाही. अजूनही पाहिजे आहे.

दर रविवारी दोनच्या सुमारास मिनलचा फोन माझ्या मोबाइलवर येतो. ती आवाज बारीक ठेवते, तिच्या बाजूलेही एक माणूस झोपलेलं असते.

"काका, पाऊस सुरू झाला काय?"

मी दिवाणाकडे पाहतो.

"झाला बाई," मी म्हणतो. "चांगला लागला आहे. पाचपर्यंत काही थांबत नाही."